नरक्याचं रान

कोल्हापूर, सातारा आणि सिंधुदुर्गच्या वर्तमानपत्रांत जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून चार ओळींची एक बातमी येते. घाटातल्या नाक्यावर टेम्पो अडवला, आत नरक्याच्या लाकडाच्या ढपल्यांनी भरलेली पोती सापडली, चालक ताब्यात, मुद्देमाल वनविभागाकडे. बातमी तिथंच संपते. माल कुठल्या रानातून आला, त्या रानात आता काय उरलं, तो कुणासाठी चालला होता आणि इतकी वर्षं हे चालूच का राहिलं, हे कुणी विचारत नाही. या प्रश्नांचा एकत्रित विचार व्हावा म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगतो: नरक्याकडे आपण जप्तीचा माल म्हणून पाहिलं. रानातलं झाड म्हणून फारसं पाहिलंच नाही. त्यामुळे त्याच्या रक्षणाचे उपायही नाक्याच्या पलीकडे, रानापर्यंत कधी पोचले नाहीत.

नरक्या हे मोठं झुडूप किंवा लहान झाड. बहुतेक ठिकाणी पुरुष-दोन पुरुष उंचीचं आढळतं, चांगल्या रानात त्याहून वर जातं. साल राखाडी, सुरकुतलेली. कोवळ्या फांद्यांवर गळलेल्या पानांचे वण ठसठशीत दिसतात आणि पानं फांद्यांच्या टोकांशी दाटीनं येतात, या दोन खुणांवरून जाणकार माणूस फुलं नसतानाही ते ओळखतो. पावसाळ्यात पिवळसर पांढऱ्या, आतून केसाळ पाकळ्यांच्या बारीक फुलांचे गुच्छ येतात. त्यांना वास असा, की नाव कशावरून पडलं ते सांगावं लागत नाही. काही गावांत याला घाणेरा म्हणतात. अलीकडे सरकारी कागदांत आणि रोपवाटिकांत ‘अमृता’ हेही नाव दिसतं. माणसाला नकोसा वाटणारा तो वास माश्यांना आणि इतर किड्यांना मात्र बोलावून आणतो. पाऊस सरल्यावर लांबट फळं आधी लालसर आणि मग जांभळट काळी होतात. प्रत्येक फळात बी एकच.

एक गोष्ट इथंच नीट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढचं पुष्कळ काही तिच्यावर अवलंबून आहे. सगळी नरक्याची झाडं सारखी नसतात. काहींवर केवळ नर फुलं येतात, काहींवर केवळ मादी, तर काहींवर दोन्ही अंगं असलेली फुलं. म्हणजे रानात शंभर झाडं उभी आहेत एवढ्यावरून शंभर झाडांना बी धरेल असा हिशेब करता येत नाही.

नरक्या राहतो ते रान हा या विषयाचा खरा गाभा. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरपासून दक्षिणेकडे कोयना, चांदोली, आंबा घाट, राधानगरी-दाजीपूर, आंबोली आणि तिलारीपर्यंत सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाचा एक तुटक पट्टा आहे. महाबळेश्वर जवळजवळ १,४०० मीटर उंचीवर आहे. तिथं वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जांभ्या दगडाची जमीन, सोसाट्याचा वारा आणि ऊन. या परिस्थितीत केरळातल्यासारखी चाळीस मीटर उंच झाडं उभी राहत नाहीत. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, पारजांभूळ यांचं बुटकं, घट्ट, एकमेकांत गुंतलेलं रान तयार होतं. वरचं छप्पर इतकं दाट असतं, की भर दुपारी आत शिरलं तर डोळे सरावायला वेळ लागतो. खोडांवर शेवाळ आणि ऑर्किड, अंगावर येणाऱ्या शिकेकाईच्या आणि आंबगुळीच्या जाळ्या, पायाखाली न वाळलेला पालापाचोळा. कारवी उघड्या उतारांवर माजते. नरक्या मात्र या छपराखाली, घळीच्या कडेला, ओहळाच्या वरच्या अंगाला, जिथं माती थोडी खोल आहे आणि ओल टिकते, तिथं सापडतो.

सावली ही त्याची गरज आहे. रोपटी मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढतात. छप्पर फाटलं की जमीन तापते, ओल उडते, रानमोडी आणि घाणेरीसारख्या बाहेरून आलेल्या झुडपांना जागा मिळते आणि नरक्याची पोरं त्यांच्याशी टिकू शकत नाहीत. म्हणून ज्या रानात नरक्याला एकदाही कुऱ्हाड लागलेली नाही, पण भोवतीचे हिरडे-जांभूळ तोडले गेले, तिथूनही तो कमी होत जातो. चोरीची बातमी अशा ठिकाणाहून कधीच येणार नाही.

या झाडाचा पसारा मोठा आहे. ते केवळ सह्याद्रीचं नाही. श्रीलंका, ईशान्य भारत, थायलंड, पार जपानच्या दक्षिणेकडील बेटांपर्यंत त्याच्या नोंदी आहेत. पण भारतातलं त्याचं खरं माहेर पश्चिम घाट, आणि तिथंच ते धोक्यातल्या वनस्पतींमध्ये गणलं जातं. मुळात दुर्मीळ नसलेलं झाड एका पिढीत दुर्मीळ झालं, हे त्याचं वेगळेपण. शिंदळ माकुडीसारख्या वनस्पती मोजक्या कड्यांवरच उगवतात, त्यांचं दुर्मीळपण निसर्गानंच घातलेलं आहे. नरक्याचं दुर्मीळपण माणसानं आणलेलं आहे.

शास्त्रात त्याचं आजचं नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. त्यातला निम्मो म्हणजे जोसेफ निम्मो. जॉन ग्रॅहम हे मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी, वनस्पतींचे वेडे. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची सूची छापून होत असतानाच १८३९ साली खंडाळ्यात त्यांचं निधन झालं आणि उरलेलं काम निम्मो यांनी पुरं केलं. जुन्या संशोधनात हेच झाड मॅपिया फीटिडा आणि नोथापोडायटिस फीटिडा या नावांनी येतं. वाचताना ही तीन वेगळी झाडं समजू नयेत.

पुढची सव्वाशे वर्षं नरक्याला कुणी त्रास दिला नाही, कारण त्याचा उपयोगच कुणाला ठाऊक नव्हता. इमारतीला लाकूड चालत नाही, फळाला बाजार नाही, वैद्यांच्या परंपरेतही त्याला ठळक स्थान नाही. ती स्थिती बदलली ती दूर अमेरिकेत, आणि ती बदलणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्याकडचा होता. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि उत्तर कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मनरो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. कॅम्पटोथेका अक्युमिनाटा नावाच्या चिनी झाडाचा अर्क उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर परिणाम करतो, हे वॉल यांच्या ध्यानात आधीच आलेलं होतं. त्या अर्कातून नेमका कार्यकारी रेणू वेगळा करून त्याची रचना या गटानं १९६६ साली प्रसिद्ध केली. त्याचं नाव कॅम्पटोथेसिन. याच दोघांच्या गटानं १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉलची रचना मांडली. कर्करोगावरच्या दोन मोठ्या औषधकुळांच्या मुळाशी नंदुरबारचा माणूस आहे, हे आपल्या शाळांच्या पुस्तकांत यायला हवं.

दुसरा धागा मुंबईचा. गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं आणि त्याचे प्रमुख होते डॉ. टी. आर. गोविंदाचारी, भारतातल्या वनस्पती-रसायनशास्त्राचे एक श्रेष्ठ अभ्यासक. त्यांनी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की मॅपिया फीटिडामध्ये, म्हणजे आपल्या नरक्यात, हाच कॅम्पटोथेसिन आहे. नुसता आहे असं नाही, चिनी झाडाहून कितीतरी जास्त आहे. सुक्या सालीत सर्वसाधारणपणे शेकडा ०.३ च्या आसपास प्रमाण सांगितलं जातं, आणि मुळांच्या सालीत तर ते आणखी चढतं.

त्याच वर्षाच्या सुमारास मात्र अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या. कॅम्पटोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून तो रुग्णांना दिला जात होता. त्या रूपात रेणूचं एक महत्त्वाचं कडं उघडतं, गुण कमी होतो आणि मूत्राशयावर गंभीर दुष्परिणाम होतात. रेणू कपाटात गेला. १९८५ मध्ये डॉ. लिरॉय लिऊ यांच्या गटानं तो पेशीत नेमकं काय करतो हे शोधून काढलं, तेव्हा कपाट पुन्हा उघडलं. पेशी दुभागताना डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी टोपोआयसोमरेज-१ नावाचं विकर डीएनएची एक बाजू क्षणभर कापतं, पीळ मोकळा करतं आणि कापलेलं पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन नेमका कापलेल्या क्षणी मध्ये जाऊन बसतो आणि जोड लागूच देत नाही. भराभर दुभागणाऱ्या कर्कपेशी त्यामुळे मरतात. एवढं कळल्यावर रेणूत बदल करून तो सुसह्य करायची वाट सापडली. जपानमध्ये घडवलेल्या इरिनोटिकॅनला तिथं १९९४ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत इरिनोटिकॅन आणि टोपोटिकॅन दोन्हींना १९९६ मध्ये. पहिलं प्रामुख्यानं मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर, दुसरं बीजकोशाच्या आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर. इरिनोटिकॅन आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ही औषधं प्रयोगशाळेत पूर्ण होतात, पण त्यांची सुरुवात झाडातून काढलेल्या कॅम्पटोथेसिनपासून होते. तो रेणू पूर्णपणे कृत्रिम रीतीनं घडवायची पहिली पद्धत १९७१ मध्येच मांडली गेली होती आणि पुढे अनेक आल्या. तरीही बाजाराला झाडच स्वस्त पडत आलं.

हे झाड स्वतःच्या विषानं मरत कसं नाही? जपानी शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये याचं उत्तर दिलं. कॅम्पटोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींमध्ये ते विकरच किंचित बदललेलं असतं, त्यामुळे रेणूला तिथं बसायला जागा मिळत नाही. लाखो वर्षांत झाडानं स्वतःसाठी केलेली ही तजवीज आहे. ती जंगलात घडली, एवढं मनात ठेवून पुढे जाऊ.

आता तोडीचा हिशेब. शेकडा ०.३ म्हणजे एक टन सुक्या सालीतून, सगळं काही हाती लागलं तरी, तीन किलो रेणू. लाकूड आणि साल एकत्र ढपल्या करून भरली तर त्याहूनही कमी. म्हणून मागणी किलोंची आली तरी रानावर भार टनांचा पडतो. नव्वदच्या दशकात हा भार महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या घाटांवर येऊन पडला. पद्धत सगळीकडे एकच. डोंगरातल्या वाडीवरची माणसं रोजावर घ्यायची, झाडं बुंध्यापासून तोडायची, ओंडके तिथंच फोडून ढपल्या करायच्या, वाळवून पोत्यांत भरायच्या आणि रात्री गाडीरस्त्याला आणायच्या. ढपल्या झाल्यावर ते नरक्याचं लाकूड आहे की सरपण, हे नाक्यावरच्या माणसाला सहज ओळखता येत नाही. तोडणाऱ्याच्या हाती रोजगाराएवढे पैसे येतात. ज्या दिवशी त्याला दुसरं काम असतं त्या दिवशी तो तोडीला जात नाही. त्याला गुन्हेगार म्हणून पिंजऱ्यात उभं करून प्रश्न मिटेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी या साखळीतली वरची टोकं किती वेळा न्यायालयात पोचली ते पाहावं.

नरक्या चिवट आहे. बुंध्यापासून तोडला तरी खोडाला फुटवे येतात. पाच-सात वर्षांनी तिथं पुन्हा काठ्यांचं बेट उभं राहतं. यामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो, की तोडलं तरी काय बिघडतं, पुन्हा येतंच की. यात दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली, मुळांत रेणू जास्त असतो हे समजल्यावर काही ठिकाणी मुळकूटच खणून काढलं गेलं. तिथं फुटवा यायला काही उरत नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आणि कमी दिसणारी आहे. फुटव्यांना फुलं-फळं धरायला वर्षं लागतात, आणि ती धरायच्या आत पुन्हा तोड होते. झाड जिवंत असतं, पण बी देत नाही. त्यात नर-मादीची वर सांगितलेली विभागणी. एका घळीतली फळं धरणारी मोठी झाडं गेली, तर उरलेल्या नर झाडांचा फुलोरा वाया जातो. मग त्या घळीत नवं रोप दिसेनासं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला रान हिरवंगार दिसतं, नरक्याच्या काठ्याही दिसतात, पण त्या रानातली नरक्याची पुढची पिढी थांबलेली असते. गणती करताना केवळ खोडं मोजली तर हे कधीच हाती लागणार नाही. रोपटी आणि फळं धरणारी झाडं वेगळी मोजावी लागतात.

बेंगळुरूतल्या कृषी विद्यापीठातील डॉ. आर. उमा शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या अनेक ठिकाणच्या नरक्याची रासायनिक तपासणी केली आहे. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत कॅम्पटोथेसिनचं प्रमाण किती बदलतं, हे त्यातून पुढे आलं. काही झाडांत ते सरासरीच्या कित्येक पट असतं. माझ्या दृष्टीनं या संपूर्ण विषयातला हा सर्वांत मोलाचा शोध आहे. अशी दोन-चार झाडं रोपवाटिकेसाठी निवडली, तर शेकडो टन रानातली तोड वाचू शकते. पण ती झाडं कुठल्या घळीत आहेत हे तपासण्यापूर्वीच ती घळ साफ झाली, तर ते बियाणं कायमचं गेलं. आपण किती गमावलं, याचा हिशेब यामुळेच कुणाला मांडता येणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. राखीव जंगलात आणि अभयारण्यात तोड करणं भारतीय वन अधिनियम आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहेच. कोयना, चांदोली आणि राधानगरी ही संरक्षित क्षेत्रं आहेत, पहिली दोन मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये कासच्या पठारासह ही सगळी ठिकाणं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेली. कागदावर यापेक्षा वरचं संरक्षण नाही. पण वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये वनस्पतींसाठी जी पहिली अनुसूची जोडली, तिच्यात केवळ सहा वनस्पती होत्या आणि नरक्या त्यांत नव्हता. खासगी जमिनीवरची तोड महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येते. त्याच्या यादीत साग, चंदन, खैर, हिरडा, आंबा, फणस अशी झाडं आली. रेणूच मुळी १९६६ मध्ये सापडला, तेव्हा या झुडपाचा विचार त्या यादीत होणं शक्य नव्हतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं व्यापारी वापरावर राज्य मंडळाची देखरेख आणि स्थानिकांना लाभाचा वाटा ही तरतूद केली. ती नीट चालली असती, तर नरक्याचा धंदा उजेडात आला असता. लाभाच्या वाटपासाठी माल कुठून घेतला हे सांगावं लागतं, आणि चोरीच्या मालाला हेच सांगता येत नाही.

खासगी जमिनीचा मुद्दा सिंधुदुर्गात आणि कोल्हापूरच्या दक्षिण भागात फार मोठा आहे. चंदगड, आजरा, दोडामार्ग, सावंतवाडी या तालुक्यांतलं पुष्कळ उत्तम रान मालकीचं आहे. दोडामार्गात गेल्या दोन-तीन दशकांत अशा रानांच्या जागी रबर, अननस आणि केळी आली. रान एकगठ्ठा विकलं जातं, यंत्रानं साफ होतं, आणि त्यात नरक्या होता की नव्हता हे कुणी पाहत नाही. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली, तरी झाडं पडत राहिली. २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, ते सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. चांगली गोष्ट, पण ती सरकारी जंगलापुरती. शाहूवाडी-राधानगरीच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणींनी माथ्याची जमीनच उचलून नेली. सड्याखालच्या घळींना पाणी त्याच जांभ्यातून झिरपतं. माथा गेला की घळीतली ओल जाते, आणि ओल गेली की घळीतल्या रानालाही उतरती कळा लागते. चोरट्यांमुळे नरक्या गेला हे खरं. पण आता उरलेल्या नरक्याला मोठा धोका जमिनीच्या व्यवहारांतून आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पर्यायांवर काम झालं आहे आणि ते कमी लेखू नये. सह्याद्रीतच कॅम्पटोथेसिन देणाऱ्या इतर वनस्पती आहेत: ओफिओऱ्हायझा वंशातली लहान झुडपं, कुड्याच्या नात्यातला नागलकुडा, आणि नरक्याच्याच कुळातली मिक्वेलिया डेंटाटा ही वेल. तिच्या फळांत प्रमाण चांगलं सापडलं आहे, आणि फळं तोडल्यानं वेल मरत नाही. ऊतिसंवर्धनानं नरक्याच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून रेणू काढायचे प्रयोग पुण्यातही झाले. पेशी वाढतात, पण रेणू फार थोडा देतात. २००५ मध्ये जम्मूच्या शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी केली. ती स्वतःच कॅम्पटोथेसिन बनवते असं दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली: झाडाशिवाय, टाकीत बुरशी वाढवून औषध. पुढच्या वर्षांत अशा बुरशांबाबत पुन्हा पुन्हा एकच अनुभव आला. झाडापासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या बशीत वाढवल्यावर त्यांचं उत्पादन घटत जातं. त्यांना झाडाचा सहवास लागतो. म्हणजे बुरशीची वाटही फिरून रानाकडेच येते.

टॅक्सॉलचं उदाहरण इथं शिकण्यासारखं आहे. त्याचीही सुरुवात सालीपासून झाली, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची यूची झाडं सोलली जाऊ लागली. हिमालयातल्या यूचीही तीच गत झाली. पण तिकडे शास्त्रज्ञांनी युरोपातल्या यूच्या सुयांतून एक कच्चा रेणू काढून त्यापासून औषध घडवायची पद्धत बसवली. सुया खुडल्या तर झाड जगतं आणि पुन्हा सुया येतात. पुढे पेशीसंवर्धनानं उरलेला भार उतरवला. झाडाचा कुठला भाग घ्यायचा, हे ठरवण्यात झाडाचं मरण-जगणं ठरलं. नरक्याची पानं या बाबतीत तितकी दातृत्वाची नाहीत. त्यांत प्रमाण कमी असतं. म्हणून त्याच्यासाठी योग्य उत्तर फुटव्यांचं आहे: निवडक, जास्त रेणूची झाडं बांधावर आणि बागेच्या सावलीत लावायची, ठरावीक वर्षांनी जमिनीपासून हात-दीड हात वर छाटायची, मुळाला हात लावायचा नाही. आंबोली, आजरा, गगनबावडा इथल्या शेतकऱ्याकडे काजू-फणसाची सावली आहे आणि पाऊसही आहे. बी ताजं असतानाच पेरावं लागतं, उगवण सावकाश होते, रोपाला पहिली दोन-तीन वर्षं जपावं लागतं. हे सगळं जमण्यासारखं आहे. आजवर अडलं ते खरेदीपाशी. ज्या झाडाची वाहतूक केली की माणूस चोर ठरण्याची शक्यता जास्त, ते कुणी लावणार नाही. लागवडीची सात-बाऱ्यावर नोंद, त्या नोंदीवर वाहतूक पास आणि थेट औषध कंपनीशी करार, एवढी वाट मोकळी केल्याशिवाय लागवडीची भाषणं व्यर्थ आहेत.

लागवड रानाची जागा घेऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. पाच-दहा निवडक झाडांपासून केलेली रोपं म्हणजे त्याच पाच-दहा झाडांचा वंश. रोग आला तर सगळ्यांना एकदम. वेगळेपणाचा साठा जंगलातच असतो. दक्षिण भारतात १९९३ पासून औषधी वनस्पतींसाठी वनविभाग आणि बेंगळुरूची एफआरएलएचटी ही संस्था यांनी मिळून जंगलातल्या जंगलात, साधारण दोनशे हेक्टरच्या आसपासची क्षेत्रं राखायला सुरुवात केली. तिथं तोड नाही, नवी लागवडही नाही, फक्त राखण आणि मोजणी. कल्पना साधी आणि उत्तम आहे. आपल्याकडे त्याच्या आधीपासून देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून गावानं राखलेली ही लहान रानं किती दुर्मीळ झाडांना आसरा देतात ते जगापुढे आलं. दक्षिण कोल्हापूर-सिंधुदुर्गातल्या देवरायांत फळं धरणारा नरक्या कुठे आहे, याची गावागावांत नोंद व्हायला हवी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, ज्या आजोबांना झाड ओळखता येतं त्यांच्याबरोबर पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा फिरावं लागतं.

एक इशारा. कर्करोगावर नरक्या चालतो, म्हणून घरी काढा करून रुग्णाला देणारे आढळतात आणि तो विकणारेही. हे धोक्याचं आहे. झाडातला मूळ रेणू पचनमार्गावर, रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर आणि मूत्राशयावर घातक परिणाम करतो, म्हणूनच सत्तरच्या दशकात चाचण्या बंद पडल्या. औषध म्हणून जे दिलं जातं ते बदललेलं, मोजलेलं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचं असतं. कुणाच्याही सांगण्यावरून ही साल उकळू नका.

घाटमाथ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत कायद्यानं जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिनं ठेवायच्या लोकजैवविविधता नोंदवहीत नरक्यासाठी एक स्वतंत्र पान असावं: फळं धरणारी झाडं किती, रोपटी किती, गेल्या वर्षी किती होती. तुमचं गाव त्या पट्ट्यात असेल, तर येत्या ग्रामसभेत ही मागणी करा. मालकी रान विकायला निघालं असेल, तर विकण्याआधी त्यातलं बी उतरवून घ्या आणि वनविभागाच्या रोपवाटिकेला द्या. आणि घाटरस्त्याला कुठे ताज्या तोडीच्या ढपल्या वाळत घातलेल्या किंवा रात्री पोती भरताना दिसली, तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. या फोनला पैसे पडत नाहीत.